मोडत्या संसारातील घराची किंमत

भावाभावांच्या वाटणीची एक जुनी रीत खेड्यापाड्यांतून अजून सांगितली जाते. वाटे एकाने पाडावयाचे आणि आधी उचलावयाचा मान दुसऱ्याचा. कोणता वाटा आपल्या पदरी पडणार हे पाडणाऱ्याला ठाऊक नसल्यामुळे दोन्ही वाटे सारखे ठेवण्याची काळजी तो आपण होऊन घेतो. पंचांना बोलवावे लागत नाही की वकिलाचे घर गाठावे लागत नाही. जमीन, गुरे, धान्य, भांडीकुंडी यांच्या बाबतीत ही रीत चालते, कारण त्यांचे वाटे पडू शकतात. दोन खोल्या आणि एका स्वयंपाकघराच्या सदनिकेचे मात्र वाटे पडत नाहीत. पती-पत्नी विभक्त होतात तेव्हा एकाने घर ठेवून दुसऱ्याला पैसे द्यावेत, किंवा दोघांनी ते विकून आलेली रक्कम वाटून घ्यावी, एवढेच मार्ग उरतात. त्यांतही पहिला मार्ग पत्करला की सारा तंटा एका प्रश्नापाशी येऊन थबकतो : या घराची किंमत किती?

शिक्षक, कारकून, परिचारिका, बँकेतील नोकरदार अशा पगारदार कुटुंबांत राहते घर ही बहुधा एकमेव मोठी मालमत्ता असते. वीस वर्षांचे हप्ते, भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम, मोडलेले दागिने, नातलगांकडून घेतलेले हातउसने पैसे असे सारे त्या चार भिंतींत गेलेले असते. त्या भिंतींची किंमत चुकीची ठरली तर दोघांपैकी एकाच्या पुढील आयुष्याचा पायाच खचतो. तरीही ही किंमत कोणत्या नियमाने ठरवावयाची याचा विचार होण्यापूर्वीच ती किती आहे हे सांगण्यास दोन्ही पक्ष सरसावतात. एक पक्ष कमी आकड्याचा दाखला आणतो, दुसरा जास्त आकड्याचा. आणि मग वर्षानुवर्षे तारखा पडत राहतात.

आधी नाव, मग किंमत

किमतीच्या प्रश्नाआधी मालकीचा प्रश्न उभा राहतो, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या २७ व्या कलमान्वये न्यायालय ज्या मालमत्तेची विल्हेवाट लावू शकते, ती लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास भेट मिळालेली आणि दोघांच्या संयुक्त मालकीची असू शकेल अशी मालमत्ता होय. लग्नानंतर पाच-दहा वर्षांनी कर्ज काढून घेतलेली सदनिका या चौकटीत सहजासहजी बसत नाही. संसारात जे मिळविले ते दोघांचे, असे तत्त्व या कायद्यात कोठेही नाही. ज्याच्या नावावर घर, त्याचे ते घर, येथून विचारास आरंभ होतो. हे चित्र बदलण्याचा एक प्रयत्न झाला होता. २०१० साली मांडण्यात आलेले विवाह कायदा दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने संमत केले, तेव्हा पतीच्या स्थावर मालमत्तेचा विचार पत्नीच्या बाजूने करण्याची तरतूद त्यात होती. लोकसभेत मात्र ते पुढे सरकले नाही आणि २०१४ मध्ये त्या लोकसभेची मुदत संपताच ते बारगळले.

घर दोघांच्या नावावर असेल तर प्रश्न थोडा सुकर होतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ४५ वे कलम असे सांगते की, वेगवेगळ्या पैशांतून खरेदी झाली असेल तर ज्याने जेवढी रक्कम दिली तेवढा त्याचा हिस्सा. आणि कोणी किती दिले याचा पुरावा नसेल तर हिस्से सारखे मानावेत. म्हणजे जुनी पासबुके, सोनाराच्या पावत्या आणि भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढल्याचे कागद यांना अचानक मोल येते. संसार सुरळीत चालू असताना हे कागद कोणी जपून ठेवीत नाही, आणि ज्याच्या हाती घरातले कपाट राहते त्याच्याच हाती ते राहतात.

नाव लावण्यामागील हेतूही पुष्कळदा वेगळा असतो. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. अनेकांनी ही सवलत घेतली आणि ते योग्यच झाले. पण शुल्क वाचविण्यासाठी लावलेले नाव संसार मोडताना मालकीचा पुरावा होऊन समोर येते. पतीने ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या नावे घेतलेले घर २०१६ च्या दुरुस्तीनंतर बेनामी व्यवहाराच्या व्याख्येत येत नाही. त्यामुळे 'नाव तिचे, पैसा माझा' हा वाद न्यायालयात मांडण्यास वाव राहतो. ज्या दिवशी खरेदीखतावर सह्या झाल्या त्या दिवशी हा प्रश्न कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

घर एकट्या पतीच्या नावावर असले तरी त्याच्या किमतीचा प्रश्न सुटत नाही. कायम पोटगी ठरविताना दोघांची मिळकत आणि मालमत्ता पाहावयाची असते, आणि सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात पोटगीच्या दाव्यांत दोन्ही पक्षांनी मिळकत, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक ठरविले. घराची किंमत अशा रीतीने मागल्या दाराने का होईना, निकालात शिरते. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याने पत्नीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आणि ते घर सासऱ्याच्या मालकीचे असले तरी सामायिक घर ठरू शकते असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केले. मात्र राहण्याचा हक्क वेगळा आणि मालकी वेगळी. राहण्याच्या हक्कावर बँक कर्ज देत नाही.

एक घर, अनेक किमती

आता प्रत्यक्ष किमतीकडे वळण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेणे सोयीचे होईल. पुण्याच्या एखाद्या उपनगरात ६०० चौरस फूट चटई क्षेत्राची एक सदनिका २०११ साली ३० लाखांना घेतली गेली. सहा लाख दोघांनी उभे केले, चोवीस लाख कर्ज. सदनिका दोघांच्या नावावर आहे आणि हिस्से निम्मे-निम्मे, यावर वाद नाही. पाच वर्षांपूर्वी दोघे वेगळे झाले. पती त्याच घरात राहिला. शिक्षिका असलेली पत्नी मुलीला घेऊन भाड्याच्या घरात गेली. कर्जाचे दहा लाख अद्याप फिटावयाचे आहेत. घर ठेवण्याची पतीची इच्छा आहे. पत्नीला किती द्यावे?

पतीचा सल्लागार रेडी रेकनर काढतो. त्यानुसार सदनिकेची किंमत ५८ लाख येते. दहा लाख कर्ज वजा जाता ४८ लाख उरतात आणि पत्नीचा निम्मा हिस्सा २४ लाख ठरतो. पत्नीच्या वतीने त्याच वसाहतीतील अलीकडच्या विक्रीचे दाखले येतात आणि त्यांवरून किंमत ७५ लाख निघते. कर्ज वजा जाता ६५ लाख, हिस्सा साडेबत्तीस लाख. दोन्ही बाजू कागदोपत्री चोख आहेत आणि फरक साडेआठ लाखांचा आहे. भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात जाण्यासाठी लागणारी सुरुवातीची रक्कम जवळ असणे किंवा नसणे, एवढा या फरकाचा अर्थ त्या शिक्षिकेच्या दृष्टीने आहे.

रेडी रेकनर, म्हणजेच राज्य शासनाचे वार्षिक मूल्यदर तक्ते, कशासाठी असतात हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. खरेदीखतात किंमत कमी दाखवून मुद्रांक शुल्क बुडविले जाऊ नये म्हणून विभागवार दर ठरविण्यात येतात. तो एका विभागाचा सरासरी दर असतो; कोणता मजला, उजेड कसा, पाणी किती वेळ येते, सोसायटीचे हस्तांतरण पूर्ण झाले आहे की नाही, या तपशिलांचा अंदाज त्यावरून पुरेसा येत नाही. काही भागांत हा दर बाजारभावाच्या खाली असतो, तर मंदीच्या काळात वरही जातो. भूसंपादनाच्या एका प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले होते की, मुद्रांक वसुलीसाठी ठेवलेली मूल्य नोंदवही हा बाजारभाव ठरविण्याचा आधार होऊ शकत नाही. जो न्याय शेतकऱ्याच्या जमिनीला, तोच विभक्त होणाऱ्या दांपत्याच्या घराला लागू करण्यास तात्त्विक अडचण दिसत नाही.

शेजारच्या विक्रीवरून किंमत काढण्याची पद्धत अधिक विश्वसनीय खरी, पण तिच्यातही एक दोष दडलेला असतो. नोंदणी कार्यालयातील इंडेक्स टूच्या उताऱ्यावर जो आकडा असतो तो दस्तात लिहिलेला आकडा होय. व्यवहाराचा काही भाग रोखीने झाला असेल तर तो त्यात दिसणार नाही. काळ्या पैशाने सरकारचा महसूल बुडतो, असे पाठ्यपुस्तकांत शिकविले जाते; तो विभक्त होणाऱ्या पत्नीचा किंवा पतीचा हिस्साही बुडवितो, ही गोष्ट मात्र सहसा बोलली जात नाही.

भाड्यावरून किंमत काढण्याची तिसरी पद्धत सर्वांत फसवी ठरू शकते. वरील सदनिकेचे भाडे महिना १८ हजार धरले तर वर्षाला दोन लाख सोळा हजार होतात. हे उत्पन्न सहा टक्के परताव्याने भांडवलात बदलले तर घराची किंमत ३६ लाख निघते आणि तीन टक्क्यांनी बदलले तर ७२ लाख. घर तेच, भाडे तेच. केवळ टक्का बदलताच किंमत दुप्पट होते. आपल्या शहरांत घरभाड्याचे उत्पन्न घराच्या किमतीच्या मानाने फारच तुटपुंजे असते, त्यामुळे हा टक्का निवडणारा मनुष्य प्रत्यक्षात किंमतच निवडत असतो. क्षेत्रफळाचेही तसेच. चटई क्षेत्र, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप यांत मोठा फरक पडतो. दर एका क्षेत्राचा आणि गुणाकार दुसऱ्या क्षेत्राशी, अशी चूक अहवालात राहून गेली तर तिचे परिणाम लाखांत मोजावे लागतात.

कोणत्या दिवसाची किंमत?

पद्धत ठरली तरी दिवस ठरावयाचा राहतो. दोघे वेगळे झाले त्या दिवसाची किंमत धरावी, अर्ज दाखल झाला त्या दिवसाची, की हिशेब मिटेल त्या दिवसाची? भाव चढते असतात तेव्हा घर सोडून गेलेल्याला आजचा दिवस हवा असतो आणि घरात राहिलेल्याला जुना. भाव उतरले की दोघांच्या भूमिका अदलाबदल होतात. न्यायाच्या दृष्टीने पाहता, जोवर मालकी दोघांची आहे तोवर चढउतारही दोघांचाच, म्हणून हिशेब मिटण्याच्या शक्य तितक्या जवळचा दिवस धरणे श्रेयस्कर ठरते.

परंतु येथे पती एक रास्त तक्रार मांडतो. 'पाच वर्षे हप्ते मी एकट्याने भरले, मग वाढलेल्या किमतीचा निम्मा वाटा तिला का?' ही तक्रार झटकून टाकण्यासारखी नाही. तिचा हिशेब केला पाहिजे. महिना २१ हजार ६०० रुपयांप्रमाणे साठ हप्त्यांचे सुमारे १३ लाख झाले. कर्ज दोघांचे, म्हणून त्यांतील साडेसहा लाख पत्नीच्या वाट्याचे. तेवढे तिच्याकडून येणे आहे, हे मान्य. मात्र त्याच पाच वर्षांत पती ज्या घरात राहिला त्या घराचा निम्मा भाग पत्नीच्या मालकीचा होता. १८ हजार भाड्याच्या निम्मे म्हणजे महिना ९ हजार. साठ महिन्यांचे पाच लाख चाळीस हजार. तेवढे पतीकडून येणे आहे. वजाबाकी करता पत्नीकडून येणे फक्त एक लाख दहा हजार राहते, आणि तिचा हिस्सा साडेबत्तीस लाखांवरून ३१ लाख ४० हजारांवर येतो. पाच वर्षे ज्या मुद्द्यावर दोन्ही घरांत रक्त आटले, तो एका कागदावरच्या बेरीज-वजाबाकीत एवढा लहान होतो.

स्वतःच्या घरात राहणारा मनुष्य स्वतःलाच भाडे देत असतो, हे अर्थशास्त्रातील एक सर्वमान्य तत्त्व आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीतही अशा आरोपित भाड्याचा समावेश केला जातो. विभक्त दांपत्याच्या हिशेबात मात्र भरलेला हप्ता सर्वांना दिसतो आणि न भरलेले भाडे कोणालाच दिसत नाही. पत्नीने दुसरीकडे जे भाडे पाच वर्षे भरले, तेही या आंधळेपणामुळेच कोणाच्या खाती जमा होत नाही. आणखी एक वजावट विसरली जाते. घर प्रत्यक्ष विकले तर दलाली आणि भांडवली नफ्यावरील कर निघून जातो. घर एकाने ठेवले तर तो कर पुढे कधीतरी त्याला एकट्याला भरावा लागण्याची शक्यता राहते. हिस्सा नावावर करताना लागणारे मुद्रांक शुल्क कोणी सोसावयाचे, हाही प्रश्न असतो. या गोष्टी आकडा ठरण्यापूर्वी बोलल्या गेल्या तर तडजोड टिकते. नंतर निघाल्या तर पुन्हा भांडण उभे राहते.

न मोजलेले श्रम

वरील उदाहरणात पत्नी कमावती आहे आणि तिचे नाव खरेदीखतावर आहे. ज्या घरी तसे नाही, तेथे काय? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, बिनपगारी घरकामात सहभागी होणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि सहभागी होणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. पाच तासांच्या या कामामुळे पतीचा पगार हप्त्यासाठी मोकळा राहतो. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, वृद्धांची शुश्रूषा ही कामे पगार देऊन करवून घ्यावयाची ठरली असती, तर बँकेचा हप्ता कितीशा घरांना परवडला असता?

या श्रमांची किंमत मोजताच येत नाही असा बचाव करण्याची सोय आता उरलेली नाही, कारण आपली न्यायालये ती मोजत आली आहेत. जमशेटपूर येथे १९८९ मध्ये झालेल्या अग्निकांडातील नुकसानभरपाईच्या लता वाधवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या सेवांचे मोल महिना ३ हजार रुपये धरले. त्यानंतर मोटार अपघातांच्या अनेक दाव्यांत, आणि जानेवारी २०२१ च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालातही, गृहिणीचे उत्पन्न गृहीत धरून भरपाई देण्याचे तत्त्व न्यायालयाने उचलून धरले. गृहिणी अपघातात मरण पावली तर तिच्या श्रमाला आकडा आहे. ती जिवंत असून घटस्फोट घेत असेल, तर त्याच श्रमातून उभ्या राहिलेल्या घरात तिचा आकडा शून्य. ही विसंगती फार काळ समर्थनीय राहणार नाही. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका दिवाणी अपिलात, पती परदेशी नोकरी करीत असताना घर सांभाळणाऱ्या पत्नीचा मालमत्ता मिळविण्यातील वाटा मान्य केला आणि तिला समान हिस्सा देऊ केला. हा निर्णय महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही. पण वारा कोणत्या दिशेने वाहू लागला आहे हे त्यावरून कळते.

शेजारचा गोवा

या बाबतीत दूरच्या देशांकडे पाहण्याची तितकीशी गरज नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली पद्धत मुक्तीनंतरही टिकून राहिली. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर सर्वसाधारणपणे पती-पत्नींची मालमत्ता सामायिक मानली जाते आणि तिच्यात दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो. स्थावर मालमत्ता विकावयाची तर दोघांची संमती लागते. संसार मोडला तर मालमत्तेची यादी, तिचे मूल्यांकन आणि वाटप यांसाठी 'इन्व्हेंटरी' नावाची स्वतंत्र कार्यवाही आहे. २०१२ च्या गोवा कायद्यातही तिची तपशीलवार तरतूद करण्यात आली. तिच्यातील एक टप्पा विशेष लक्षणीय आहे. एखादी वस्तू कोणी घ्यावी यावर एकमत नसेल तर हक्कदारांमध्येच बोली लावली जाते. जो जास्त बोली लावील त्याच्याकडे ती वस्तू जाते आणि तेवढी रक्कम त्याच्या हिशेबात धरली जाते. मूल्यांककाने किंमत कमी ठरविली असेल तर दुसरा पक्ष बोली वाढवून ती वर नेऊ शकतो. वाटे एकाने पाडावेत आणि दुसऱ्याने उचलावेत, या आपल्या जुन्या रीतीशी या पद्धतीचे नाते आहे.

गोव्यातही सारे आलबेल आहे असे नाही. मालमत्तेचा कारभार बहुधा पतीच पाहतो आणि बोलीत ज्याची थैली मोठी त्याचे पारडे जड राहते. परंतु हक्क निम्मा आहे हे आधी ठरलेले असल्यामुळे वाद किमतीपुरता मर्यादित राहतो, हा लाभ लहान नव्हे.

आधी नियम, मग आकडा

कायदा बदलेपर्यंत महाराष्ट्रातील दांपत्यांनी हात जोडून बसावे असे मुळीच नाही. पती-पत्नींमधील मालमत्तेचे वाद ऐकण्याचा अधिकार १९८४ च्या कायद्याने कुटुंब न्यायालयांना दिलेला आहे, आणि परस्पर संमतीच्या घटस्फोटात तडजोडीच्या अटी तर दोघांनीच लिहावयाच्या असतात. या अटींत आकडा लिहिण्यापूर्वी नियम लिहिले जावेत. मूल्यांकक एकच असावा, दोघांनी मिळून निवडलेला, आणि त्याचे शुल्क दोघांनी निम्मे-निम्मे द्यावे. दोन पक्षांचे दोन मूल्यांकक आणले की प्रत्येक जण आपल्या अशिलाचा वकील होऊन बसतो. एकमत होत नसेल तर न्यायालयाकडून कमिशनर नेमून घेता येतो. मूल्यांकनाचा दिवस, क्षेत्रफळाचा प्रकार, विचारात घ्यावयाच्या विक्रीची मुदत, हप्ते आणि भाडे यांची वजावट, कर आणि शुल्क कोणाकडे, एवढ्या बाबी एका पानावर लिहून दोघांनी सही करावी आणि मगच मूल्यांककाला घराचे दार उघडून द्यावे. आपल्याला कोणता आकडा सोयीचा आहे हे कळण्यापूर्वी मान्य केलेला नियम मनुष्य सहसा मोडत नाही.

जुन्या संस्थांमध्ये पुनर्विकासाची आशा असते. तिच्यामुळे किंमत कितीने वाढेल यावर भांडत बसण्यापेक्षा, ठरावीक वर्षांत पुनर्विकास झाल्यास होणाऱ्या लाभातील वाटा घर सोडणाऱ्याला मिळेल, असे कलम घालणे शहाणपणाचे. मुले लहान असतील तर विक्री काही वर्षे पुढे ढकलता येते. इंग्लंडमध्ये १९७३ च्या मेशर खटल्यापासून अशा आदेशांची प्रथाच पडली.

एकाने किंमत सांगावी आणि त्या किमतीला घ्यावयाचे की द्यावयाचे हे दुसऱ्याने ठरवावे, ही युक्तीही सुचविली जाते. दोघांची ऐपत सारखी असेल तर तिच्याइतकी सरळ वाट नाही. पण पत्नीला कर्ज मिळणार नाही हे पतीला ठाऊक असेल, तर तो मुद्दाम कमी किंमत सांगेल आणि निर्धास्त राहील. घेण्याचा पर्याय तिच्यापुढे कागदावरच असेल. नोकरीत खंड पडलेली, मुलांमुळे अर्धवेळ काम करणारी स्त्री बँकेच्या दारात कोणत्या वागणुकीला सामोरी जाते, हे सांगावयास नको. म्हणून या युक्तीला दोन कुंपणे हवीत : सामायिक मूल्यांककाने ठरविलेल्या किमतीखाली कोणी जाऊ नये, आणि पैसे उभे करण्यासाठी दोघांनाही पुरेशी मुदत मिळावी. १८९३ च्या वाटणी कायद्याने न्यायालयाला मालमत्ता विकण्याचा आणि सहहिस्सेदाराला मूल्यांकनाच्या किमतीने हिस्सा विकत घेऊ देण्याचा अधिकार दिलेला आहेच. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या या तरतुदीचा उपयोग दांपत्यांच्या वादात अधिक धिटाईने झाला पाहिजे.

सर्वांत महत्त्वाची तयारी मात्र संसार सुखाचा चालू असतानाच करावयाची असते. 'घर दोघांचे' म्हणून ग्रामपंचायतीच्या दप्तरी पती-पत्नी दोघांची नावे लावण्याची मोहीम महाराष्ट्रात राबविण्यात आली. तिच्यामागचा विचार शहरातील सुशिक्षितांनीही आपलासा करावयास हवा. खरेदीखतावर आणि सोसायटीच्या भागपत्रावर दोघांची नावे असावीत, हिस्से शब्दांत लिहिलेले असावेत, आणि कोणी किती भरले याचे कागद दोघांनाही सापडतील अशा जागी असावेत. यात अविश्वास मानण्याचे कारण नाही. सहकारी पतपेढीत शेजाऱ्याला जामीन राहताना जो मनुष्य दोनदा कागद वाचतो, त्याने आयुष्यातील सर्वांत मोठ्या खरेदीचा कागद आपल्या सहचारिणीसमवेत एकदा वाचावा, एवढीच अपेक्षा आहे.